शुगरची गोळी, हृदय आणि भाऊजींची बाटली

नमस्कार डॉक्टर मॅडम,

आम्ही सिडकोत राहतो. यांचं वय ६१, सातपूरच्या कंपनीतून रिटायर झालेत. शुगर १४ वर्षांपासून. गेल्या डिसेंबरात छातीत दुखलं, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट टाकला. आधी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी होती. स्टेंटनंतर डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड कमी केली आणि एम्पाग्लिफ्लोझिन नावाची नवी गोळी लिहून दिली. माझे दीर म्हणतात की शुगरच्या गोळ्यांनीच शरीरात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढतो आणि हार्ट कमजोर होतं. त्यांनी द्राक्षाच्या बियांच्या अर्काच्या कॅप्सूल आणून दिल्या आहेत. महिन्याची बाटली १९०० रुपयांना, ते स्वतःच विकतात. ३ महिन्यांत शुगरची गोळी सुटेल असं सांगतात. परवा लघवीच्या रिपोर्टमध्ये साखर ‘चार प्लस’ आली. म्हणजे नवी गोळी लागू पडत नाही का? शेजारचे काका म्हणतात, रोज थोडी रेड वाइन द्या, नाशिकचीच आहे. शिवाय हे श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी कधी चुकवत नाहीत, तीही उपवास धरून. मी काय करू? चिठ्ठीचा आणि बाटलीचा फोटो पाठवते आहे.

– एक वाचक, सिडको, नाशिक

ताई,

आधी लघवीच्या रिपोर्टचं बोलू, कारण तुमची झोप त्यानेच उडालेली दिसते. ती ‘चार प्लस’ म्हणजे गोळी काम करते आहे याची पावती आहे. आपली मूत्रपिंडं रक्तातली साखर गाळतात आणि जवळजवळ सगळी परत रक्तात ओढून घेतात. एम्पाग्लिफ्लोझिन हे परत ओढणं अडवते, म्हणून साखर लघवीवाटे निघून जाते. ही गोळी चालू असेपर्यंत लघवीत साखर दिसणारच, रक्तातली साखर उत्तम असली तरी. त्यामुळे यापुढे शुगर आटोक्यात आहे की नाही हे लघवीवरून ठरवू नका. उपाशीपोटीची, जेवणानंतरची आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी, एवढं बघा. पुढच्या वेळी लॅबमध्ये नमुना देताना ही गोळी चालू आहे एवढं सांगितलं, तर तिथला मुलगाही काळजीच्या सुरात फोन करणार नाही.

आता भाऊजींचा मुद्दा. तो निम्मा खरा आहे, आणि अडचण तिथेच आहे. साफ खोटं असतं तर तुम्हाला पत्र लिहावं लागलं नसतं.

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस ही काही विक्रेत्यांनी काढलेली भानगड नाही. मधुमेहात तो खरोखर वाढतो. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींना साखरेला दार बंद करता येत नाही. रक्तात जेवढी जास्त, तेवढी त्यांच्या आत शिरते. चुलीत एकदम फार लाकडं कोंबली की जाळापेक्षा धूरच जास्त होतो, तसं या पेशींमध्ये साखर जाळताना फ्री रॅडिकल नावाचे त्रासदायक रेणू जास्त तयार होतात. हाच तो ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. रक्तवाहिनीला सैल, मोकळी ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड ते खाऊन टाकतात. वाईट कोलेस्टेरॉलचे कण त्यांच्यामुळे बिघडतात आणि वाहिनीच्या भिंतीत साचायला लागतात. अमेरिकेतल्या मायकेल ब्राउनली यांनी २००१ मध्ये ही साखळी सविस्तर मांडली आणि मधुमेहाच्या अभ्यासात ती आजही महत्त्वाची मानली जाते.

पण या साखळीच्या पहिल्या कडीला काय आहे ते बघा. साखर. गोळी नाही. वाढलेली साखर खाली आणणारी गोळी हा धूर वाढवत नाही, कमीच करते. गोळी बंद करून कॅप्सूल घेणं म्हणजे लाकडं कोंबत राहायचं आणि खिडकीत पंखा लावायचा.

मग शुगरच्या गोळ्या आणि हृदय यांबद्दलचा संशय आला कुठून? तो हवेतून आलेला नाही, आणि ही गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी, कारण तुमच्या मिस्टरांची नवी गोळी त्याच संशयातून पुढे आली आहे. १९७० मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात टॉल्ब्युटामाइड या जुन्या गोळीवरच्या रुग्णांमध्ये हृदयविकाराने जास्त मृत्यू दिसले. ती गोळी ग्लिमेपिराइडच्याच घराण्यातली. त्यावर वर्षानुवर्षं वाद झाले. पुढे २००७ मध्ये रोझिग्लिटाझोन हे औषध गाजलं. साखर चांगली उतरवणारं, पण अनेक अभ्यास एकत्र मांडून पाहिल्यावर त्यात हार्ट अटॅकचं प्रमाण सुमारे ४३ टक्क्यांनी जास्त दिसलं. भारतात त्यावर २०१० मध्ये बंदी आली. दरम्यान २००८ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी नवा दंडक घातला: मधुमेहाचं नवं औषध नुसती साखर कमी करतं हे पुरेसं नाही, त्याने हृदयाला धोका वाढत नाही हेही दाखवा. कंपन्यांना हजारो रुग्णांवर वर्षानुवर्षं चाचण्या कराव्या लागल्या. हेतू होता निव्वळ ‘धोका नाही ना’ हे बघण्याचा.

आणि २०१५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनच्या चाचणीचा निकाल आला तेव्हा डॉक्टरमंडळी चकित झाली. ७०२० रुग्ण, सगळे टाइप २ मधुमेहाचे आणि सगळ्यांना आधीपासून हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार. म्हणजे अगदी तुमच्या मिस्टरांसारखे. सुमारे ३ वर्षांत, नुसती खोटी गोळी घेणाऱ्या दर हजारामागे ५९ जण हृदयाच्या कारणाने गेले. खरी गोळी घेणाऱ्यांत ३७. हार्ट फेल्युअरसाठी, म्हणजे हृदयाचा पंप कमजोर पडल्यामुळे, दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाणही सुमारे एक तृतीयांशाने कमी झालं. हार्ट अटॅकच्या आकड्यात मात्र तिथे ठाम फरक पडला नव्हता, हेही सांगते, नाहीतर माझ्यात आणि बाटली विकणाऱ्यात फरक काय राहिला! हृदयाला हा आधार नेमका कशामुळे मिळतो यावर शास्त्रज्ञांचे अजून वाद चालू आहेत. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस कमी होणं हे त्या वादातलं एक कारण आहे, एकमेव नाही. जादा मीठ-पाणी बाहेर पडून हृदयावरचा भार हलका होतो, मूत्रपिंड टिकतं, याही गोष्टी त्यात आहेत. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी केलेला बदल मला अगदी योग्य वाटतो. स्टेंटनंतर मीही तोच केला असता.

प्रयोगशाळेत चांगली दिसलेली गोष्ट माणसाच्या छातीत तशीच वागेल असं नाही, याचं एक उदाहरण शुगरच्या गोळ्यांमध्येच आहे. ग्लिमेपिराइडची एक बहीण ग्लिक्लाझाइड. तिच्या रेणूची रचनाच अशी की परीक्षानळीत ती फ्री रॅडिकल टिपते. म्हणजे भाऊजींच्या भाषेत अँटिऑक्सिडंट शुगरची गोळी! २००८ मध्ये ११,१४० रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीत साखर कडक ठेवण्यासाठी तीच वापरली. मूत्रपिंडाला फायदा झाला, पण हार्ट अटॅक आणि पक्षाघात यांत म्हणावा असा फरक पडला नाही. गोळी चांगली आहे, मीही देते. पण ती अँटिऑक्सिडंट आहे म्हणून कुणाचं हृदय वाचलं, असं मला म्हणता येणार नाही.

तुमच्या चिठ्ठीतल्या बाकीच्या गोळ्या. मेटफॉर्मिन जुनी आणि विश्वासाची. इंग्लंडच्या ज्या अभ्यासाचा निकाल १९९८ मध्ये आला, त्यात वजन जास्त असलेल्या रुग्णांमध्ये ती घेणाऱ्यांना हार्ट अटॅक ३९ टक्क्यांनी कमी आले. फक्त वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ कमी होतं. १४ वर्षं झाली आहेत, तर एकदा तपासून घ्या. पायाला मुंग्या येतात त्या नेहमी शुगरच्याच असतात असं नाही. ग्लिमेपिराइडवर २०१९ मध्ये सुमारे ६००० रुग्णांचा निकाल आला: हृदयाला तिने वेगळा धोका दिला नाही, पण शुगर लो होण्याचे प्रसंग मात्र तुलनेच्या गोळीपेक्षा कितीतरी जास्त. आणि स्टेंट असलेल्या माणसात शुगर लो होणं नुसतं घाम आणि थरथर एवढ्यावर थांबत नाही. शरीर ॲड्रेनलिन सोडतं, ठोके धावतात, लय बिघडू शकते. डॉक्टरांनी तिचा डोस कमी केला तो यासाठी. याच कारणाने शुगर फार खाली रेटायच्या फंदातही पडू नका. २००८ मध्ये एचबीएवनसी ६ च्या खाली आणायचा प्रयत्न करणारी एक मोठी चाचणी अर्ध्यातच थांबवावी लागली, कारण कडक गटात मृत्यू जास्त झाले. यांच्यासारख्यांना साधारण ७ च्या आसपास पुरे. नक्की आकडा तुमच्या डॉक्टरांनी ठरवावा. मी यांना तपासलेलं नाही.

पुढे कधी कुणी गोळी बदलली तर दोन नावं ध्यानात ठेवा. पायोग्लिटाझोनने अंगात पाणी धरतं, पाय सुजतात. हार्ट फेल्युअर असेल तर ती नकोच. सॅक्साग्लिप्टिनने हार्ट फेल्युअरसाठी भरती वाढल्याचं २०१३ मध्ये दिसलं. उलट त्याच घराण्यातली सिटाग्लिप्टिन हृदयाच्या बाबतीत ना नफा ना तोटा अशी निघाली. वजन जास्त असेल तर लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड ही इंजेक्शनं हृदयाला फायद्याची ठरली आहेत, पण तो विषय तुमच्या डॉक्टरांकडून निघू द्या.

आता बाटली. फोटो मी मोठा करून पाहिला. पुढच्या बाजूला द्राक्षांचा घोस, हृदयाचं चित्र आणि ‘हृदयाचा साथीदार’ असं सोनेरी अक्षरांत. मागे तळाशी, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत: ‘औषधी वापरासाठी नाही’. अन्न-सुरक्षा कायद्याने अशा पूरक पदार्थांवर हे छापणं सक्तीचं आहे. म्हणजे शुगरची गोळी सोडवण्याचा दावा बाटलीचा नाहीच, तो भाऊजींचा आहे. ती ओळ त्यांनाच वाचून दाखवायला सांगा.

अँटिऑक्सिडंटने हृदय वाचतं का, हा प्रश्न कुणी तपासलाच नाही असं समजू नका. तो भरपूर तपासला गेला आहे. २००० मध्ये ९५०० हून अधिक लोकांना, ज्यांत मधुमेही बरेच होते, साडेचार वर्षं रोज व्हिटॅमिन ई दिलं. हृदयाला काडीचा फायदा नाही. २००२ मध्ये इंग्लंडमध्ये २०,५३६ जणांना ई, सी आणि बीटा-कॅरोटीन ५ वर्षं दिलं. रक्तातली त्यांची पातळी छान वाढली. हार्ट अटॅक होते तेवढेच राहिले. आणि २००९ चा एक छोटा अभ्यास मला फार बोलका वाटतो. निरोगी तरुणांना ४ आठवडे व्यायाम करायला लावला, त्यातल्या काहींना जोडीला व्हिटॅमिन सी आणि ई दिलं. व्यायामाने इन्सुलिन जास्त चांगलं काम करू लागतं. गोळ्या घेणाऱ्यांत तो फायदा झालाच नाही. व्यायामातून तयार होणारे थोडे फ्री रॅडिकल हे शरीराला सुधारायचा इशारा देत असतात, आणि गोळीने तो इशाराच दाबला. म्हणजे मिस्टर रोज सकाळी गोल्फ क्लब मैदानाच्या फेऱ्या मारून कमावणार आणि कॅप्सूल खाऊन गमावणार, असंही होऊ शकतं. हे अभ्यास द्राक्षबियांच्या अर्काचे नव्हते, हे खरं. पण अर्काने मधुमेह्यांचे हार्ट अटॅक टळले असं दाखवणारी एवढी मोठी चाचणी भाऊजींनी आधी आणावी, मग बोलू.

एक प्रत्यक्ष काळजीही आहे. स्टेंटमुळे हे ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल घेतात, रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून. अशा अर्कांचा आणि जास्त डोसच्या व्हिटॅमिन ईचा गाठ न होऊ देण्याकडे कल असल्याची शंका आहे. दोन्ही मिळून रक्तस्राव वाढायला नको. म्हणून बाटली बंद, चिठ्ठीतल्या गोळ्या चालू. विशेषतः स्टेंटच्या गोळ्या एक दिवसही स्वतःहून थांबवायच्या नाहीत, दात काढायचा असला तरी आधी विचारायचं.

भाऊजींना कसं सांगायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ओळींच्या मधून ते दिसतं. भांडण काढू नका. ‘डॉक्टरांनी स्टेंटच्या गोळ्यांबरोबर दुसरं काही घ्यायला मनाई केली आहे’ एवढं म्हणा. खोटंही नाही आणि दोष डॉक्टरांच्या माथी. आम्हाला सवय असते. त्या १९०० रुपयांचं काय करायचं तेही सांगते: एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात २०२५ च्या मार्चमध्ये संपलं आणि त्यानंतर बऱ्याच भारतीय कंपन्यांच्या गोळ्या पुष्कळ स्वस्तात आल्या. तुम्ही अजून जुन्या भावाची पट्टी घेत असाल तर डॉक्टरांना विचारून स्वस्त कंपनीची घ्या. उरलेल्या पैशांत चांगले बूट येतील.

वाइनचं थोडक्यात. नाशिकची असो की फ्रान्सची, हृदयासाठी म्हणून दारू सुरू करा असं मी कुणालाच सांगत नाही. ग्लिमेपिराइडवर असलेल्या माणसाची शुगर दारूने रात्रीतून लो होते, आणि मेटफॉर्मिनबरोबर जास्त दारू धोक्याची. काकांना द्राक्षांचा एवढा अभिमान असेल तर हंगामात मूठभर द्राक्षं सालीसकट, बियांसकट खावीत. मूठभरच, कारण १०० ग्रॅम द्राक्षांत साधारण १५-१६ ग्रॅम साखर असते आणि निफाडच्या नातेवाइकांकडून पेटी आली की आपल्याकडे १०० ग्रॅमवर कुणी थांबत नाही. आणि मिस्टर तंबाखू मळत असतील (सातपूरच्या शिफ्टमध्ये ही सवय बऱ्याच जणांना लागते, म्हणून विचारते), तर ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस कमी करायचा सगळ्यात मोठा उपाय तुमच्या घरात फुकट पडलेला आहे.

राहिली फेरी. इथे मी जरा कडक बोलणार आहे. श्रावणातली रात्र, पाऊस, चिखल, गर्दी, रात्रभर चालणं आणि वर उपवास. यातलं एकेक झेपेलही, पण सगळं एकत्र नको. स्टेंट डिसेंबरात पडला आहे. आधी हृदयरोगतज्ज्ञांकडे जा, एको करा, लागली तर ट्रेडमिल टेस्ट, आणि ‘रात्रभर चढ-उतार चालू का’ असं स्पष्ट विचारा. नुसतं ‘चालू का’ विचारलं तर ते ‘हो, चाला’ म्हणतील आणि हे त्याचा अर्थ ब्रह्मगिरी असा घेतील. परवानगी मिळाली तरी उपवास आणि फेरी एकाच दिवशी नको. ग्लिमेपिराइड घेऊन उपाशी चाललं तर मध्यरात्री शुगर लो होईल, आणि तिथे डोंगराच्या कडेला तुम्ही काय करणार? एम्पाग्लिफ्लोझिनवर असताना उपाशी, घामाघूम आणि पाणी कमी, हे वेगळंच दुखणं, ते शेवटी सांगते. उपवासाच्या दिवशी या दोन्ही गोळ्यांचं काय करायचं, थांबवायच्या की डोस बदलायचा, हे आठवडाभर आधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. स्टेंटच्या गोळ्या मात्र उपवासालाही घ्यायच्याच. महादेवाला त्या चालतात.

निर्जळी तर अजिबात नाही. आणि उपवास धरलाच तर ताटभर साबुदाण्याची खिचडी नको. सकाळभर उपाशी आणि दुपारी साबुदाणा, यात शुगर खालून एकदम वर उडी मारते. फ्रान्समधल्या २००६ च्या एका छोट्या अभ्यासात सतत थोड्या वाढलेल्या साखरेपेक्षा अशा चढ-उतारांशी ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचा संबंध जास्त दिसला होता. थोडी भगर, शेंगदाण्याची आमटी, ताक, दही, काकडी असं थोडं थोडं खाऊ द्या. फेरीला निघालेच तर खिशात साखरेची पुडी, सोबत तुमचा मुलगा, आणि कुठेही छातीत जड वाटलं तर तिथेच थांबायचं, ‘आता थोडंच राहिलंय’ नाही.

एम्पाग्लिफ्लोझिनची दोन पथ्यं घरी पक्की लावा. लघवीतल्या साखरेमुळे त्या जागी खाज, बुरशी येऊ शकते. लघवीनंतर पाण्याने धुवून कोरडं करायचं. पुरुष हे सांगायला लाजतात आणि महिनाभर खाजवत बसतात, तेव्हा तुम्हीच विचारा. दुसरं पथ्य जास्त महत्त्वाचं. जुलाब, उलट्या किंवा जेवण बंद असा आजार झाला तर ही गोळी तेवढे दिवस थांबवून डॉक्टरांना फोन करायचा, आणि कुठलंही ठरलेलं ऑपरेशन असेल तर किमान ३ दिवस आधी ती बंद करावी लागते, म्हणून सर्जनला सांगायचं. क्वचित या गोळीवर रक्तात कीटोन नावाचं आम्ल साचतं. मळमळ, उलटी, पोटात दुखणं, धाप लागणं, खूप थकवा अशी लक्षणं येतात, आणि फसवणूक अशी की मीटरवर साखर २०० च्या आतही दिसू शकते. असं झालं तर घरी लिंबूपाणी देत बसू नका. थेट कॅज्युअल्टीत न्या, ‘एम्पाग्लिफ्लोझिन चालू आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगा आणि साखर बरी दिसते म्हणून परत पाठवत असतील तर रक्तातले कीटोन तपासायचा आग्रह धरा.